अंडी देईल म्हणून आणलं, आरवायला लागलं

पहिलं आरवणं बहुधा फसतं. नऊ-दहा आठवड्यांचं पिल्लू मान ताणतं, छाती पुढे काढतं आणि गळ्यातून गंजलेल्या बिजागरीसारखा तुटका आवाज काढतं. घरच्यांना वाटतं, घशात दाणा अडकला असेल. दोन दिवसांनी तोच आवाज पुन्हा येतो, थोडा लांब, शेवटी वर चढणारा. तोवर पिल्लाचं नाव सोनी किंवा राणी ठेवून झालेलं असतं. गॅलरीत जुन्या खोक्याचं घर बांधलेलं असतं आणि पहिलं अंडं कोणी खायचं यावर भावंडांची भांडणंही झालेली असतात. मग आजी नाहीतर गावाहून आलेला एखादा काका पिल्लाकडे एकदा बघतो आणि सांगून टाकतो, की हा तर कोंबडा आहे.

हे आपल्याच वाट्याला का आलं, असं प्रत्येक घराला वाटतं. पण पिल्लू रस्त्यावरच्या टोपलीतून किंवा जत्रेतून आणलेलं असेल, तर ते कोंबडा निघणं हा बहुतेक वेळा योगायोग नसतो. नर कोण आणि मादी कोण, याचा निवाडा ते पिल्लू घरी येण्याआधी, जन्माच्या दिवशीच होऊन गेलेला असतो.

शाळेबाहेर, आठवडी बाजारात, जत्रेत गुलाबी, हिरवी, निळी पिल्लं दहा-वीस रुपयांना विकली जातात. रंग मारलेला असतो तो अंगावरच्या लवीवर. खरी पिसं फुटली की दोन-चार आठवड्यांत तो निघून जातो. ही पिल्लं येतात हॅचरीतून, म्हणजे यंत्रात अंडी उबवण्याच्या कारखान्यातून. कोंबडीचा धंदा आज दोन स्वतंत्र वाटांनी चालतो. मांसासाठी वाढवतात ती ब्रॉयलर, सहा आठवड्यांच्या आत दोन किलोवर जाणारी. अंड्यांसाठी पाळतात ती लेयर, अंगाने सडपातळ, खाल्लेलं सगळं अंड्यात घालणारी. ब्रॉयलरमध्ये नर-मादी दोन्ही चालतात. लेयरमध्ये मात्र निम्मी पिल्लं पहिल्याच दिवशी बिनकामाची ठरतात, कारण नर अंडी देत नाही आणि मांसासाठी पोसावा तर ब्रॉयलरच्या तुलनेत फारच हळू वाढतो. जगभरात अशी सहा ते सात अब्ज नर पिल्लं दरवर्षी जन्माच्या दिवशीच मारली जातात, असा अंदाज आहे. काही ठिकाणी त्यासाठी वायू वापरतात, काही ठिकाणी यंत्र. त्यातून वाचलेली थोडी पिल्लं स्वस्तात बाहेर पडतात. काही छोट्या शेडमध्ये मांसासाठी वाढतात, काही रंग लावून टोपलीत येतात. अंड्यांच्या आशेने मूल ज्या टोपलीत हात घालतं, तिच्यातून अंडी देणारी पिल्लं आधीच काढून घेतलेली असण्याची शक्यता मोठी असते.

पिल्लं न निवडता विकायला ठेवलेली असली, तरी गणित फारसं दयाळू नाही. नर-मादी निम्मे-निम्मे धरले आणि तीन पिल्लं आणली, तर तिन्ही माद्या निघण्याची शक्यता आठात एक. म्हणजे आठांपैकी सात घरांत निदान एक कोंबडा आरवणारच.

आता प्रश्न असा, की कापसाच्या बोळ्याएवढ्या पिल्लाचं लिंग हॅचरीवाल्याला कळतं कसं? पक्ष्यांचे जननावयव पोटात असतात, त्यामुळे वासरा-करडासारखं उचलून बघण्याची सोय नाही. हे कोडं सोडवलं जपानी पशुवैद्यकांनी. कियोशी मासुई आणि त्यांचे सहकारी जुरो हाशिमोतो यांना १९२०च्या दशकात असं आढळलं, की एका दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार हलकेच उलगडलं तर आत टाचणीच्या टोकाएवढा उंचवटा दिसतो. नरात तो फुगीर असतो, मादीत सपाट किंवा जवळजवळ नसतो. १९२७ मध्ये कॅनडातल्या ओटावा इथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत ही पद्धत जगापुढे आली. तिच्यात तरबेज झालेल्या जपानी कामगारांना पुढे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातून मागणी आली. कसलेला माणूस तासाला हजार पिल्लं डाव्या-उजव्या खोक्यात टाकतो आणि शंभरात जेमतेम दोन चुकतो. ‘मिनारी’ या २०२० सालच्या चित्रपटातलं अमेरिकेत स्थायिक झालेलं कोरियन जोडपं हेच काम करतं.

या कामात अडचण नियमाची नसते, अपवादांची असते. काही नरांचा उंचवटा मादीसारखा चपटा दिसतो, काही माद्यांचा नरासारखा वर आलेला. मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये अशा अवघड पिल्लांचे फोटो नवख्या लोकांपुढे ठेवले आणि नेमकं कुठे, काय बघायचं हे एका पानात लिहून दिलं. फोटोंपुरती त्यांची कामगिरी तज्ज्ञांच्या तोडीची झाली. फोटो हलत नाही, चिवचिवत नाही आणि जास्त दाबला तर मरतही नाही. घरी जिवंत पिल्लावर हा प्रयोग करून बघू नये, असं सांगतात ते याच कारणासाठी. अननुभवी बोटांनी पिल्लाची आतडी बाहेर येऊ शकतात.

दुसरा मार्ग आनुवंशिकतेचा. दहावी-बारावीच्या जीवशास्त्रात ज्यांच्या नावाची चौकट काढावी लागते, ते केंब्रिजचे रेजिनाल्ड पनेट पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या अन्नपुरवठ्याचं काम बघत होते. दाण्याची टंचाई होती आणि नरांना पोसणं परवडत नव्हतं. त्यांनी सुचवलं, की पिसांच्या रंगाचं जनुक लिंग-गुणसूत्रावर असतं, याचा फायदा घ्यावा. ऱ्होड आयलंड रेडसारखा तांबूस कोंबडा आणि रुपेरी जातीची कोंबडी असा संकर केला, तर नर पिल्लं फिकट पिवळी निघतात आणि माद्या तपकिरी. पंखांवरूनही असंच ओळखता येतं. ठरावीक संकरात मादीच्या पंखाची मुख्य पिसं पहिल्याच दिवशी वरच्या झाकणाऱ्या पिसांहून लांब असतात, नरात दोन्ही सारखी. मात्र आईबाप ठरवून निवडलेले असतील तरच या खुणा खऱ्या ठरतात. गावरान पिल्लाचा पंख ताणून ‘लांब पिसं आहेत, मादीच आहे’ म्हणणारा निम्म्या वेळा बरोबर येतो, आणि तेवढं तर नाणं उडवूनही येतं.

या साऱ्याच्या मुळाशी एक उलटी रचना आहे. माणसात मूल मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं. कोंबड्यांत ते आईवर ठरतं. कोंबड्याकडे दोन्ही गुणसूत्रं ‘झेड’, कोंबडीकडे एक ‘झेड’ आणि एक ‘डब्ल्यू’. अंड्यात यांपैकी कोणतं उतरलं, त्यावर पिल्लाचं लिंग अंडं घालण्याआधीच पक्कं होतं. ‘झेड’वरचं ‘डीएमआरटी-१’ हे जनुक इथे कळीचं आहे. नरात त्याच्या दोन प्रती असतात, मादीत एक, आणि त्या दुप्पट मात्रेवरच वृषण घडतात, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी, डॉली मेंढीमुळे प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडच्या रॉस्लिन संस्थेने आणखी चकित करणारी गोष्ट मांडली. त्यांच्याकडे अर्ध्या अंगाने कोंबडा आणि अर्ध्या अंगाने कोंबडी असलेले पक्षी होते. एका बाजूला चोचीखालचा मोठा कल्ला आणि पायाचा काटा, दुसऱ्या बाजूला मादीची ठेवण. रक्तातली संप्रेरकं तर दोन्ही बाजूंना तीच फिरत होती. निष्कर्ष असा निघाला, की कोंबडीच्या शरीरातल्या पेशी आपण नर की मादी हे बऱ्याच अंशी स्वतःच जाणून असतात.

म्हणून अंड्याच्या आकारावरून, उबवणीच्या उष्णतेवरून किंवा अंड्यावर अंगठी टांगून केलेल्या भाकितांना आधार नाही. टोकदार अंड्यातून नर निघतो, ही समजूत पहिल्या शतकातला रोमन शेतीलेखक कोलुमेला यानेही नोंदवून ठेवली आहे. पिल्लू पायाला धरून उलटं लटकवायचं आणि ते मान वर काढतं की लोंबकळतं ते पाहायचं, ही दुसरी लाडकी परीक्षा. तिच्यातून फक्त पिल्लू घाबरलं आहे एवढंच कळतं.

घरी खात्री करायची तर थोडा धीर धरावा लागतो. पहिले तीन आठवडे काहीही सांगता येत नाही. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात तुरा बघायला लागावं. त्याच वयाच्या इतर पिल्लांच्या मानाने एखाद्याचा तुरा जाड, उंच आणि लालसर होऊ लागला, चोचीखाली लोंबणारे कल्लेही गुलाबी दिसू लागले, तर संशय घ्यायला जागा आहे. मादीचा तुरा या वयात फिकट पिवळसर असतो आणि तिला अंड्यावर यायची वेळ झाली, साधारण १८ ते २४ आठवडे, की मगच लाल होतो. गावरान मादी याहून उशीर करते. नराचे पाय जाड, उभं राहणं ताठ. दोन नर समोरासमोर आले की मानेची पिसं फुलवून छातीला छाती भिडवतात. माद्याही लहानपणी भांडतात, त्यामुळे या एका खुणेवर भरवसा ठेवू नये.

पक्का पुरावा मिळतो तो दहाव्या-बाराव्या आठवड्यानंतर, पिसांतून. कोंबड्याच्या मानेवरची आणि कमरेवरची पिसं लांब, निमुळती, टोकदार आणि चकाकणारी येतात. कोंबडीची त्याच जागची पिसं रुंद आणि टोकाला गोल असतात. शेपटीच्या दोन्ही बाजूंना लवणारी कमरेची पिसं दिसली, की वाद संपला. पुढे शेपटीत विळ्यासारखी वळलेली पिसं येतात. पायावरचा काटा मात्र फसवा, कारण तो उशिरा येतो आणि म्हाताऱ्या कोंबडीलाही कधी कधी फुटतो.

जातीप्रमाणे या खुणा मागेपुढे होतात. झाबुआचा कडकनाथ आता महाराष्ट्रातही बऱ्याच ठिकाणी पाळतात. त्याचा तुराच जांभळट-काळा, तेव्हा लाली शोधून उपयोग नाही. तिथे आकार आणि पिसंच बघावी लागतात. असील जातीचा तुरा मुळातच वाटाण्यासारखा बसका. हौसेने पाळल्या जाणाऱ्या रेशमी पिसांच्या सिल्की कोंबड्यांत तर पाच-सहा महिने अनुभवी पाळणारेही पैज लावत नाहीत. अगदीच घाई असेल तर पिसाच्या मुळावरून किंवा रक्ताच्या थेंबावरून डीएनए तपासणी होते. पोपट पाळणाऱ्यांसाठी अशा तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळा भारतात आहेत. तपासणीचा खर्च पिल्लाच्या किमतीच्या कित्येक पट येतो, पण पिल्लू लाडकं असलं की हिशेब वेगळे होतात.

आणि आरवणं? तोही शंभर टक्के पुरावा नव्हे. कोंबडीत डावा अंडाशयच कामाचा असतो. आजाराने तो निकामी झाला, तर उजवीकडची सुप्त ग्रंथी वाढू शकते. मग चांगली अंडी देणारी कोंबडी तुरा वाढवते, कोंबड्यासारखी पिसं काढते आणि आरवायलाही लागते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात १४७४ मध्ये एका ‘कोंबड्या’वर अंडं घातल्याबद्दल खटला चालला आणि त्याला जाळून मारण्यात आलं. तो बिचारा पक्षी बहुधा अशीच बदललेली कोंबडी असावा. आपल्याकडेही आरवणारी कोंबडी अपशकुनी मानून कापत. तीन-चार महिन्यांच्या पिल्लाबाबत मात्र ही आशा धरण्यात अर्थ नाही. या वयात आरवतो तो कोंबडाच.

इथून पुढे गोष्ट घराबाहेर जाते. कोंबडा उजाडल्यावर आरवतो हा गैरसमज आहे. तो उजाडण्याच्या बऱ्याच आधी सुरू करतो. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या त्सुयोशी शिमुरा आणि ताकाशी योशिमुरा यांनी २०१३ मध्ये कोंबड्यांना दिवसरात्र एकाच मंद उजेडात ठेवून पाहिलं. बाहेरचा दिवस कळण्याचा मार्ग नसतानाही ते ठरल्या वेळी आरवत राहिले, कारण त्यांच्या शरीरातलंच घड्याळ जवळजवळ २४ तासांचं आहे. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. झाकलेलं कोंबडंही गप्प राहत नाही, असं या प्रयोगाने त्याला जोडून दिलं. याच संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की कळपात पहिली बांग देण्याचा मान सर्वांत वरच्या दर्जाच्या कोंबड्याचा असतो, बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे मागून आरवतात. गॅलरीतल्या एकट्या कोंबड्याला असा कोणी वरिष्ठ नसतो. पहिली बांगही त्याचीच आणि शेवटचीही.

त्या बांगेचा जोर बेल्जियमच्या संशोधकांनी मोजला आहे. एक मीटरवर १०० डेसिबलच्या वर. कोंबड्याच्या स्वतःच्या कानापाशी तर इतका, की तो बहिरा व्हायला हवा. पण चोच पूर्ण उघडली की त्याच्या कानाची नळी काही अंशी मिटते आणि पडदा अर्धा झाकला जातो. शेजाऱ्यांना ही सोय नसते. भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पुण्यात २०१९ मध्ये सोमवार पेठेतल्या एका कोंबड्याच्या पहाटेच्या आरवण्याची तक्रार समर्थ पोलिस ठाण्यात गेली होती. केरळमध्ये पथनमथिट्टा जिल्ह्यातल्या अडूरच्या महसुली अधिकाऱ्यांनी २०२५ मध्ये अशाच तक्रारीवरून एका घराच्या वरच्या मजल्यावरचं खुराडं हलवण्याचा आदेश दिला. फ्रान्समधल्या ओलेरों बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्याचं नशीब जोरावर होतं. सुट्टीपुरते येणारे शेजारी त्याच्या आवाजाविरुद्ध कोर्टात गेले, पण सप्टेंबर २०१९ मध्ये निकाल मोरिसच्या बाजूने लागला. जानेवारी २०२१ मध्ये तर फ्रान्सने ग्रामीण भागातल्या आवाजांना आणि वासांना वारसा म्हणून मान्यता देणारा कायदा केला. मोरिस तो बघायला नव्हता. तो २०२० मध्येच मेला.

आवाजाइतकाच स्वभावही बदलतो. कालपर्यंत मांडीवर झोपणारं पिल्लू चार महिन्यांचं झालं, की दाणा चोचीने उचलतं, खाली टाकतं आणि कुकुक् करून बोलावतं. कोंबड्या आसपास असत्या तर हे त्यांच्यासाठी असतं. त्या नसल्या तर घरातल्या मुलाला ते निमंत्रण मिळतं. आकाशात घार दिसली तर वेगळी हाक, जमिनीवरून मांजर आलं तर वेगळी, असे इशाऱ्यांचे प्रकारही त्याच्याकडे असतात. पाच-सहा महिन्यांच्या सुमाराला काही कोंबडे माणसाला प्रतिस्पर्धी मानू लागतात. पोटरीवर झेप, हातावर चोच. लहान मुलांच्या चेहऱ्याजवळ अशा वेळी त्याला नेऊ नये. सगळेच असे होत नाहीत. रोज शांतपणे हाताळलेला कोंबडा पुष्कळदा मवाळ राहतो, आणि नीट सांभाळला तर पाच ते आठ वर्षं जगतो.

एवढी वर्षं त्याला ठेवायचं कुठे, हा शहरातल्या घराचा खरा पेच. मुलांना सहसा ‘गावाला पाठवला’ असं सांगितलं जातं. गाव मात्र कोंबड्यांची वाट बघत बसलेलं नसतं. आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या तलंगा (म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) गट वाटप योजनेत लाभार्थ्याला २५ माद्या आणि ३ नर मिळतात, ते याच हिशेबाला धरून. अंडी नुसती खायची असतील तर नराची तेवढीही गरज नाही, कोंबडी त्याच्याविनाही अंडी घालते. उरलेले नर पूर्वीपासून ताटात किंवा देवापुढे गेले. कोकणात राखणदाराला वर्षाची राखण म्हणून कोंबडा देतात, घाटावर नवस फेडायला देतात, आणि आषाढ सरता सरता गावरान कोंबड्याचा भाव चढतो. पाठवलेल्या लाडक्याच्या नशिबी यातलं काही येऊ नये असं वाटत असेल, तर ज्याच्याकडे कोंबड्या आहेत आणि नर नाही असं ओळखीचं घर आधी शोधावं लागतं.

परसातल्या कोंबड्यांची संख्या वाढतेच आहे. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात अशा ३१.७ कोटी कोंबड्या मोजल्या गेल्या, आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्क्यांनी जास्त. दुसरीकडे युरोपात निवड अंड्याच्या आतच होऊ लागली आहे. एका जर्मन पद्धतीत नवव्या दिवशी लेझरने कवचाला सूक्ष्म छिद्र पाडून थेंबभर द्रव घेतात आणि त्यात मादीचं संप्रेरक आहे का ते पाहतात. नर ठरलेलं अंडं उबवणीतून काढून टाकतात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून जन्मलेली नर पिल्लं मारण्यावर बंदी घातली, फ्रान्सही त्या वाटेने गेला. तिथल्या लेयर हॅचरीत नको असलेल्या भावांची टोपली भरण्याची वेळच आता कमी येते.

आपल्याकडे ती टोपली अजून शाळेच्या फाटकाशी दिसते, आणि ‘मादी आहे ना?’ या प्रश्नाला तिच्याजवळ ‘हो’ हेच उत्तर मिळतं. ज्यांना अंडी हवीत त्यांनी दिवसाच्या पिल्लाऐवजी आठ-दहा आठवड्यांची तलंग घ्यावी, असं जाणते सांगतात. पैसे जास्त पडतात, पण बल्बखाली ऊब देण्याचा आणि पिल्लं दगावण्याचा काळ मागे पडलेला असतो आणि तुराही बोलू लागलेला असतो. आठवडी बाजारात तलंग घ्यायला आलेली बाई विकणाऱ्याला नर-मादीचं विचारतच नाही. ती पक्षी काखेत धरते, तुरा बघते, कमरेची पिसं अंगठ्याने उलटी करते, एक परत ठेवते, दुसरा उचलते, आणि मग जे काही बोलते ते भावाबद्दल.